अरबीतील अवयवांची नावे धातूंवरून शिकताना या चुका टाळा

अरबी शब्दांच्या मुळाशी बहुधा तीन व्यंजने असतात (यांनाच धातू म्हणतात) आणि ती ठरावीक साच्यांत बसवून शब्द तयार होतात, हे उमगले की शिकणाऱ्याला मोठा हुरूप येतो. क-त-ब या व्यंजनांतून किताब (पुस्तक), कातिब (लेखक), मक्तब (कार्यालय) निघताना पाहिल्यावर अवयवांची नावेही अशीच निघतील, असे वाटू लागते आणि पहिली चूक तेथेच होते. रअस (डोके), यद (हात), ऐन (डोळा) ही नामे क्रियापदापासून साधलेली नाहीत. अरबी वैयाकरण अशा नामांना ‘जामिद’, म्हणजे गोठलेली, म्हणतात. त्यांचा धातू नवा शब्द घडवण्यासाठी नव्हे, तर पाठ केलेला शब्द त्याच्या भावंडांशी बांधून ठेवण्यासाठी वापरावा. रअसवरून ‘रईस’ (प्रमुख) सहज लक्षात राहतो. पण डोकेदुखीसाठी रअसपासून स्वतःच शब्द बनवू गेल्यास फसगत होते, कारण तो शब्द ‘सुदाअ’ असून त्याचा धातू दुभंगण्याचा अर्थ देतो. येथे खरा उपयोग होतो तो साच्याचा: सुदाअ, सुआल (खोकला) आणि ज़ुकाम (सर्दी) हे तिन्ही शब्द दुखण्यांच्या एकाच साच्यातले आहेत.

दुसरी चूक देवनागरीतून शिकण्याची आहे आणि तिच्यामुळे सर्वाधिक नुकसान होते, असे माझे मत आहे. माझ्या पहिल्या वहीत ‘पाठ’ आणि ‘फुले’ या दोन्ही शब्दांपुढे ‘जहर’ असेच लिहिलेले होते. पाठीचा शब्द ज़ा या जड उच्चाराच्या अक्षराने सुरू होतो आणि फुलांचा ज़ाय या साध्या अक्षराने. देवनागरीत दोन्हींचा ‘ज’ झाला की धातूच पुसला जातो. पाठीचा धातू नीट ओळखला असता, तर तो ‘ज़ाहिर’ या शब्दातही आहे आणि आपला ‘जाहीर’ तेथूनच आला आहे, हे लगेच दिसले असते. हृदयाला क़ल्ब म्हणतात व कुत्र्याला कल्ब. पहिल्यात क़ाफ आहे, दुसऱ्यात काफ. म्हणून पहिल्या दिवसापासून अरबी लिपीतच लिहावे.

शब्दाच्या सुरुवातीचा ‘म’ उपसर्गच आहे, असे गृहीत धरणेही धोक्याचे आहे. मफ़्सिल (सांधा) या शब्दातला मीम, म्हणजे ‘म’ हे अक्षर, खरोखरच साच्याचा आहे आणि ‘वेगळे करणे’ या अर्थाचा फ-स-ल धातू त्याच्या मागे उरतो. पण मइदा (जठर) या शब्दातला मीम धातूचाच आहे. तो काढून टाकून शब्दकोशात शोधल्यास शब्द सापडत नाही.

अनेकवचनांबाबत साचे पुष्कळ मदत करतात, मात्र ते आधी ओळखता येत नाहीत. क़ल्बचे क़ुलूब आणि ऐनचे उयून होते, पण सिन्नचे (दात) अस्नान आणि रिज्लचे (पाय) अर्जुल. उज़ुनचे (कान) अनेकवचन ‘आज़ान’ असून त्यातला पहिला स्वर आखूड केला की तो नमाजाची ‘अज़ान’ होतो. तोंडाला फ़म म्हणतात, पण त्याचे अनेकवचन ‘अफ़्वाह’ असे दुसऱ्याच रूपात येते, कारण मूळ धातूत ‘वाव’ (व) आणि ‘हा’ (ह) ही अक्षरे आहेत. फारसीतून मराठीत आलेली आपली ‘अफवा’ म्हणजे हीच अनेक तोंडे.

लिंगाचा नियमही अर्धवट पाठ करू नये. जोडीने असणारे अवयव बहुधा स्त्रीलिंगी असतात, म्हणून मोठ्या डोळ्याला ‘ऐन कबीरा’ आणि मोठ्या नाकाला ‘अन्फ़ कबीर’ म्हणतात; परंतु ख़द्द (गाल), हाजिब (भुवई) आणि मिर्फ़क़ (कोपर) जोडीचे असूनही पुल्लिंगी आहेत. जोडी सांगताना द्विवचन वापरावे लागते. दोन हात म्हणजे ‘यदान’, पण ‘माझे दोन हात’ म्हणताना शेवटचा नून (‘न’) गळून ‘यदाय’ होते. हा नून गाळायला विसरून तसाच ठेवणे ही नवशिक्यांच्या लेखनातली फार नित्याची चूक आहे, आणि ती वाचून सुधारत नाही. रोज स्वतःच्याच डोळ्यांविषयी, कानांविषयी, हातांविषयी दोन-दोन वाक्ये लिहून पाहावी लागतात.