लहान मुलांचा ताप घरी मोजताना

मेडिकलमध्ये साधा डिजिटल थर्मामीटर मागा, टोक मऊ आणि वाकणारं. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर तेवढा पुरतो. दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळतो. मी लहान मुलांच्या ओपीडीत सिस्टर आहे आणि माझ्या घरी लेकीसाठीही हाच आहे.

कपाळासमोर धरायचं यंत्र करोनाच्या काळात घरोघरी आलं. झोपलेल्या मुलाला न उठवता ताप बघता येतो, ही त्याची खरी सोय. पण ते कातडीतून बाहेर पडणारी उष्णता मोजतं. कपाळावर घाम असेल, टाळूचं तेल ओघळलं असेल, वर पंखा चालू असेल किंवा मूल नुकतंच उन्हातून आलं असेल, तर आकडा बदलतो. वापरणार असाल तर कपाळ कोरडं पुसा, मुलाला थोडा वेळ घरात बसू द्या आणि सोबतच्या कागदावर दिलेल्या अंतरावरच यंत्र धरा. आकडा ठीक आहे पण मूल मलूल दिसतंय, तर काखेत लावून खात्री करून घ्या. कानातलं यंत्र मात्र सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नकोच, त्यांच्या कानाची नळी फार अरुंद असते.

जुन्या कपाटात पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर असेल तर तो मुलांसाठी काढू नका. पारा विषारी आहे, म्हणूनच २०१३च्या मिनामाता करारानंतर अशी उपकरणं जगभर मागे पडत गेली. फुटलाच तर मुलांना दुसऱ्या खोलीत न्या, खिडक्या उघडा, पंखा बंद करा. केरसुणीनं झाडू नका, गोळ्या आणखी बारीक होऊन पसरतात. हातातलं सोनं काढून ठेवा, पाऱ्याला हात न लावता जाड पुठ्ठ्यानं गोळ्या एकत्र करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. मोरीत ओतायचा नाही.

आता लावायची पद्धत. आयांना मी हे ओपीडीत हात धरून दाखवते, कारण चांगला थर्मामीटर घेऊनही चूक इथेच होते. बाळाची आंघोळ झाली, शेक दिला, दुपट्यात घट्ट गुंडाळलं होतं किंवा खूप रडलं, तर पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग झबलं वर करा आणि काख कोरड्या फडक्यानं पुसा, तेल-पावडर राहू देऊ नका. थर्मामीटर सुरू करून टोक काखेच्या मधल्या खळग्यात ठेवा. ते मागून बाहेर डोकावत नाही ना आणि मध्ये कापड आलेलं नाही ना, ते बघा. हात खाली घेऊन छातीशी धरून ठेवा. बाळ मांडीवर पीत असताना वरच्या बाजूच्या काखेत लावलं तर ते शांत राहतं. बीप वाजली की घाईनं काढू नका. काखेत बीपनंतरही आकडा थोडा चढू शकतो, म्हणून मी आणखी मिनिटभर तसाच धरते.

तोंडात लावायचा तो साधारण पाच वर्षांनंतर, जिभेखाली ओठ मिटून धरता येतात तेव्हा. गरम दूध किंवा गार पाणी प्यायल्यावर लगेच नाही.

१००.४ किंवा त्याच्या वर गेला की ताप धरा. काखेतला आहे म्हणून घरातली मोठी माणसं एक अंश मिळवून सांगतात. तसं करू नका. दिसला तो आकडा, कुठे लावला ती जागा, वेळ आणि शेवटचं औषध कधी दिलं, हे चारही लिहून ठेवा. ‘काखेत १०१.२, रात्री अकरा वाजता, नऊला पॅरासिटामॉल दिलं होतं,’ असं कुणी सांगितलं की डॉक्टरांना पुढचं ठरवायला सोपं जातं. ‘अंगाला चटका बसत होता’ यातून ते कळत नाही. पडद्यावर अचानक ३८ किंवा ३९ दिसलं तर यंत्र सेल्सिअसवर गेलंय: ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ दिसला तर घरचं औषध न देता त्याच वेळी डॉक्टरांकडे न्या, मध्यरात्र असली तरी. नवजात बाळाचा आकडा ९७.७च्या खाली गेला तर तेही तितकंच गंभीर आहे, आणि याकडे घरी फार दुर्लक्ष होतं. त्याला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून धरा, डोक्याला टोपडं, वरून पांघरूण, आणि पाजा. थोड्या वेळानं पुन्हा मोजा. तरी गारच असेल किंवा ओढून पीत नसेल तर दवाखाना गाठा. झटका, धाप, उठवूनही न उठणं, बरेच तास लघवी न होणं, यांपैकी काही दिसलं तर कोणत्याही वयात आकड्याची वाट बघू नका, १०८ला फोन करा.

काम झालं की टोक साबणाच्या पाण्यानं किंवा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, उकळत्या पाण्यात घालू नका. आणि थर्मामीटर वर ठेवा. त्यातला बटणाएवढा सेल मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतं. झाकण सैल असेल तर तो थर्मामीटर वापरू नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायला न लावता थेट मोठ्या दवाखान्यात न्या, तिथे एक्स-रे काढून सेल आहे की नाही ते बघतात.