इम्प्लांट दुखत असेल तर या चुका टाळा

दाताचा इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्याला नस नसते, त्यामुळे किडलेल्या दातातून उठतो तसा ठणका इम्प्लांटमधून उठू शकत नाही. दुखते ते त्याच्या भोवतालचे: हिरडी, हाड, जवळून जाणारी नस, वरच्या जबड्यात असल्यास सायनस (गालाच्या हाडामागची हवेची पोकळी) आणि कित्येकदा शेजारचा दात. हे माहीत नसलेला रुग्ण केवळ किती दुखते हे मोजत राहतो, परंतु निदानाला अधिक उपयोगी पडते ते दुखणे कधी सुरू झाले आणि ते दिवसागणिक उतरते आहे की चढते आहे, हे.

शस्त्रक्रियेनंतरची सूज साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते, गालावर निळसर डागही दिसू शकतो, आणि आठवडा-दहा दिवसांत हे सारे बहुतांशी ओसरते. तिसऱ्या दिवशीचा सुजलेला चेहरा आरशात पाहून घाबरणे स्वाभाविक आहे, पण त्या भीतीने घरात उरलेली अँटिबायोटिकची पाकिटे उघडणे ही चूक आहे. याच्या उलट चूक अधिक घातक ठरते. एकदा उतरलेले दुखणे चार-पाच दिवसांनी पुन्हा चढू लागले, तोंडाला घाण चव येऊ लागली किंवा हिरडीतून पू दिसला, तर तो जंतुसंसर्ग असण्याची शक्यता असते. अशा वेळी पेनकिलर वाढवत राहिल्याने लक्षण झाकले जाते आणि कारण मात्र आत तसेच राहते. जबड्याखाली सूज पसरून गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर दवाखान्याची वेळ होण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

पहिल्या दिवशी जोरजोराने चुळा भरल्या, सतत थुंकले किंवा स्ट्रॉने ओढून प्यायले, तर जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी निघून येऊ शकते. मिठाच्या कोमट पाण्याच्या हलक्या गुळण्या 24 तासांनंतर सुरू कराव्यात आणि तोपर्यंत बाहेरून बर्फाचा शेक घ्यावा, गरम नव्हे. हिरडीवर अॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवण्याचा जुना उपाय तर पूर्णपणे सोडून द्यावा, कारण त्याने दुखणे थांबत नाही, उलट हिरडी भाजते. धूम्रपानामुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरण्यास वेळ लागतो आणि इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. 'दिवसाला एखादीच' ही सवलत जखमेला समजत नाही.

बधिरपणाकडे केलेले दुर्लक्ष ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. खालच्या जबड्यात दिलेल्या भुलीचा परिणाम सामान्यतः काही तासांत उतरतो. दुसऱ्या दिवशीही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर असेल, तेथे मुंग्या येत असतील किंवा विजेच्या झटक्यासारखी कळ येत असेल, तर इम्प्लांटचा दाब जबड्यातून जाणाऱ्या नसेवर पडत असण्याची शक्यता असते. वेळेत लक्षात आल्यास इम्प्लांट थोडा मागे घेऊन किंवा काढून तो दाब दूर करता येतो, परंतु उशीर होत गेला की संवेदना पूर्ण परतण्याची शक्यता कमी होत जाते. म्हणून दंतवैद्यांना त्याच दिवशी फोन करावा, टाके काढण्याच्या तारखेपर्यंत थांबू नये.

हाड आणि इम्प्लांट एकजीव होण्यास बहुधा 3 ते 6 महिने लागतात. त्यानंतर इम्प्लांटवर कॅप, म्हणजे दाताच्या आकाराचा वरचा भाग, बसवल्यावर सुरू झालेल्या दुखण्याचे कारण अनेकदा चाव्यात असते. नैसर्गिक दाताभोवती तंतूंची मऊ गादी असते, त्यामुळे चावताना तो किंचित दबतो. इम्प्लांट हाडाला थेट जोडलेला असल्याने जवळजवळ दबतच नाही. कॅप केसभर उंच राहिली तरी सगळा भार तिच्यावर येतो, आणि झोपेत दात खाण्याची सवय असल्यास तो कित्येक पटींनी वाढतो. 'सवय होईल' म्हणत महिनोन्महिने दुसऱ्या बाजूने चावत राहण्यापेक्षा कॅप घासून चावा बरोबर करून घेणे हे काही मिनिटांचे काम आहे.

कॅप हलू लागली तर तिच्या आतला लहान स्क्रू सैल झालेला असू शकतो, आणि हलणाऱ्या भागात हिरडी चिमटली गेल्यानेही दुखते. हा दोष दुरुस्त होण्यासारखा असतो. मूळ इम्प्लांटच हाडात हलत असेल तर मात्र तो हाडाशी जुळलेला नसतो आणि सहसा काढावाच लागतो. या दोन्हींतील फरक जिभेने किंवा बोटाने हलवून कळत नाही, त्यासाठी तपासणी आणि एक्स-रे लागतो. घरच्या गोंदाने कॅप चिकटवल्यास साधी दुरुस्तीही अवघड होऊन बसते.

थंड पाण्याने कळ येत असेल तर शेजारचा दात आधी तपासून घ्यावा, कारण थंडपणा जाणवणारा जिवंत गाभा इम्प्लांटमध्ये नसतोच.

दुखत नाही म्हणजे सर्व ठीक आहे, हा समजही तितकाच फसवा आहे. इम्प्लांटभोवतीचे हाड झिजवणारा दाह बराच काळ वेदनेविना वाढू शकतो आणि ब्रश करताना येणारे रक्त हीच त्याची पहिली खूण असू शकते. दाह हिरडीपुरता मर्यादित असताना नीट स्वच्छतेने तो परत फिरवता येतो, पण एकदा झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. कॅप बसवताना हिरडीखाली राहून गेलेले सिमेंटही असा दाह घडवते. रक्त येते म्हणून तेथे ब्रश लावणेच बंद केले, तर मळ साचून दुखणे वाढते; मऊ ब्रशने आणि दातांमधल्या फटींसाठी मिळणाऱ्या लहान ब्रशने सफाई चालूच ठेवावी.

तपासणीला जाताना मधुमेहाची, रक्त पातळ करणाऱ्या आणि हाडांच्या ठिसूळपणावरील औषधांची माहिती द्यावी, मात्र यांपैकी कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. दंतवैद्य बदलणार असाल तर इम्प्लांटची कंपनी, व्यास आणि लांबी लिहिलेले कार्ड सोबत न्यावे, कारण स्क्रू आवळण्याचे हत्यार कंपनीगणिक वेगळे असू शकते.