मुंबईच्या प्राइडला पहिल्यांदा जाताना: गावाकडच्या गे पुरुषांसाठी

प्राइडची, म्हणजे समलिंगी, ट्रान्स अशा आपल्या लोकांच्या अभिमान मोर्चाची तयारी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी कपडे येतात. लातूर, सांगली, अकोला किंवा सावंतवाडीहून निघणाऱ्या माणसाने मात्र त्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी, की आपण तिथे कोणाला दिसलो तर चालेल आणि कोणाला नाही. गाडी कुठली, मुक्काम कुठे, अंगावर काय, फोटो काढायचे का, घरी काय सांगायचं, हे सगळं त्या उत्तरावरून ठरतं. उत्तर काहीही असलं तरी मुंबईत तुम्हाला जागा आहे. तोंडावर मास्क बांधून चालणारा आणि आईचा हात धरून चालणारा, दोघेही एकाच मोर्चात असतात, आणि पहिल्याचं धाडस दुसऱ्यापेक्षा तसूभरही कमी नसतं.

पहिलं काम: नावांची यादी

एका कागदावर लिहा: घरचे, भावकी, ऑफिस, शाळा-कॉलेजचे मित्र, गावातले लोक. प्रत्येकापुढे विचार करा, याने उद्या माझा फोटो पाहिला तर काय होईल? एखाद्याच्या बाबतीत थोडी कुजबुज होईल, एखाद्याच्या बाबतीत राहतं घर सुटेल. हा फरक फक्त तुम्हालाच माहीत आहे, म्हणून शहरात वाढलेल्या मित्राच्या आग्रहावर हा निर्णय सोडू नका.

कायद्याची बाजूही नीट समजून घ्या. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. त्यामुळे तुम्ही गे असणं, दुसऱ्या प्रौढ पुरुषासोबत असणं किंवा परवानगी असलेल्या मोर्चात चालणं, यात काहीही बेकायदा नाही. मात्र खासगी नोकरीत समलिंगी म्हणून डावललं गेलं, तर दाद मागायला स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही. नोकरीची चिंता वाटणं म्हणजे भित्रेपणा, असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

घरी सांगताना मोठी गोष्ट रचू नका. खोटं जितकं लांब, तितके त्याला प्रश्न फुटतात. ‘मुंबईला मित्रांना भेटायला जातोय, रविवारी रात्री निघेन’ एवढं पुरतं आणि ते खरंही असतं. पण एका तरी विश्वासाच्या माणसाला पूर्ण खरं सांगून जा: मुक्कामाचा पत्ता, परतीची गाडी, सगळं.

तारीख आणि गाडी

जगात जून हा प्राइडचा महिना मानतात, पण मुंबईचा मोठा मोर्चा साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला, बहुधा शनिवारी असतो. ‘क्वीअर आझादी मुंबई’ हा गट तो भरवतो. पहिला मोर्चा २००८ च्या ऑगस्टमध्ये निघाला होता. दरवर्षी मोर्चाच्या आधी-नंतरच्या आठवड्यांत मेळे, नाटकं, खेळ, पार्ट्या चालू असतात. चालायला तिकीट लागत नाही.

नेहमीची जागा ऑगस्ट क्रांती मैदान, म्हणजे जुना गोवालिया टँक, जिथे १९४२ मध्ये ‘चले जाव’ची हाक दिली गेली. पण परवानगी पोलिसांच्या हाती असते. २०२० मध्ये तिथून मोर्चा काढू दिला नाही आणि कार्यक्रम आझाद मैदानात झाला. म्हणून गटाच्या अधिकृत खात्यावर तारीख जाहीर होईपर्यंत फॉरवर्ड होऊन आलेल्या पोस्टवर विसंबू नका, आणि जागा आदल्या दिवशी पुन्हा तपासा. त्याच खात्यावर नियमही दिलेले असतात. घोषणांबद्दलचे नियम तर मन लावून वाचा, कारण २०२० च्या त्याच कार्यक्रमातल्या घोषणांवरून पोलिसांत गुन्हा दाखल झाला होता.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. कोल्हापूरची महालक्ष्मी, सोलापूरची सिद्धेश्वर, संभाजीनगरवरून येणारी देवगिरी, नागपूरची दुरांतो, कोकणातून कोकणकन्या या रात्रीच्या गाड्या सकाळी मुंबईत सोडतात आणि मुक्कामाची एक रात्र वाचते. पुणेकरांनी त्याच दिवशी डेक्कन क्वीनने परतायचा बेत करू नये. ती संध्याकाळी ५.१० ला सीएसएमटीहून सुटते आणि तोवर तुम्ही गर्दीच्या मधोमध असाल. दादरहून शिवनेरी बरी. रविवारी राहणार असाल, तर लोकलचा मेगाब्लॉक बघूनच परतीला निघा.

मुक्काम

दोन पुरुषांनी एक खोली घेतली तर आपल्याकडे कोणाला नवल वाटत नाही, आणि ही सोय निवांतपणे वापरावी. दोघांचंही ओळखपत्र लागतं. अडचण येते ती दुसरीकडेच: सोबतीचा मित्र मुंबईचाच असला आणि आधार कार्डावर मुंबईचा पत्ता असला, तर काही लॉजवाले खोली नाकारतात. आरक्षण करण्याआधी फोन करून एवढंच विचारा, ‘स्थानिक आयडी चालतं का?’ खोलीवर बाहेरचं कोणी आलेलं चालतं का, हेही त्याच फोनमध्ये विचारून टाका.

फोर्ट, सीएसएमटी, चर्चगेटच्या आसपास राहिलात तर रात्री परतणं सोपं. दादर मधोमध पडतं. दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाही, टॅक्सीच करावी लागते, हे खर्चात धरा. लोकल मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात बंद होते आणि पहाटे चारनंतर सुरू होते.

डोंबिवलीच्या मावशीकडे किंवा ठाण्याच्या काकांकडे उतरणार असाल, तर ग्लिटरचा विचार आधी करा. चेहऱ्यावरची चमक पाण्याने जात नाही आणि मानेवर, कानामागे दुसऱ्या दिवशीही सापडते. पिशवीत खोबरेल तेलाची छोटी बाटली, जुना रुमाल आणि घरातून निघताना घातलेला शर्ट ठेवा. तेल लावून पुसायचं, मग साबण. मैदानावर कपडे बदलायची सोय धरू नका. आसपास खोली घेतलेल्या मित्राशी आधीच बोलून ठेवा.

फोटो आणि फोन

मोर्चा सार्वजनिक रस्त्यावर असतो. वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार, चॅनेलवाले आणि रील करणारे, सगळे तिथे असतात, आणि त्यांच्या फोटोत मागे तुम्ही आलात की नाही यावर कोणाचाच ताबा नसतो. दिसायचं नसेल तर मास्क, टोपी आणि गॉगल तिन्ही वापरा. कोविडनंतर मास्ककडे कोणी वळूनही बघत नाही.

पण घरचे माणसाला चेहऱ्यावरूनच ओळखतात असं थोडंच आहे! आई शर्टावरून ओळखते, बायको चालीवरून, ऑफिसातला सहकारी बॅगेवरून. त्या दिवशी घरात कोणी न पाहिलेला शर्ट घाला. हातावर टॅटू असेल तर बाह्या लांब हव्यात. मनगटावरचं कडं, कंपनीची बॅग, गळ्यातली ओळखपत्राची दोरी खोलीवर ठेवा.

फोनवर निघण्याआधी चार गोष्टी बघा. फोटो आपोआप घरच्यांशी शेअर केलेल्या अल्बममध्ये जातात का? लोकेशन कोणाला दिसतं का? व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस कोणाला दिसतं? लॉक असलेल्या स्क्रीनवर डेटिंग अ‍ॅपचे मेसेज उमटतात का? आणि जो आग्रह स्वतःसाठी, तोच दुसऱ्यासाठी: विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नका, आणि काढलेला टाकण्याआधी पुन्हा विचारा.

मोर्चाच्या दिवशी

ग्रँट रोड स्टेशनला उतरून पश्चिमेकडून ऑगस्ट क्रांती मैदानापर्यंत चालत जाता येतं. मेट्रो ३ चंही ग्रँट रोड स्थानक आता आहे. पोटभर जेवून आणि स्वच्छतागृहात जाऊनच पोहोचा. दुपारचं ऊन फेब्रुवारीतही लागतं, म्हणून पाण्याची बाटली आणि सवयीचे बूट. नवी चप्पल त्या दिवशी नको.

थोडं लवकर जा, कारण एकट्याने येणाऱ्यांना ओळखी करून घ्यायला मोर्चा निघण्याआधीचा तास सगळ्यात चांगला. लोक आपापल्या गटांच्या फलकांमागे जमत असतात. १९९४ पासून आपल्या लोकांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट, त्याचा तरुणांचा गट यारियां, गे बॉम्बे. ‘स्वीकार’ या पालकांच्या गटातले आई-बाबा दिसले तर जरूर जाऊन बोला. आपल्यासारख्याच मुलाची आई समोर हसत उभी आहे, ही गोष्ट डोळ्यांनी बघायला मिळावी, यासाठी तरी मुंबईचा प्रवास करावा असं मला मनापासून वाटतं.

फलक करणार असाल तर मराठीत करा. जाड पुठ्ठा, मोठी अक्षरं, काठीशिवाय दोन हातांत धरता येईल असा. इंग्रजी फलक भरपूर असतात. फुटपाथवर उभा असलेला भाजीवाला, बाल्कनीतली आजी मराठी वाचते, आणि तिथूनच खरा संवाद सुरू होतो.

गर्दीत घाबरल्यासारखं झालं तर कडेला या आणि स्वयंसेवकाला सांगा. अर्ध्यातून निघून गेलात तरी तुम्ही प्राइडला गेला होतात.

संध्याकाळ आणि डेटिंग अ‍ॅप

पार्ट्यांना तिकीट आणि वयाचा पुरावा लागतो. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. आपला ग्लास नजरेआड करू नका.

अ‍ॅपवर कोणाला भेटणार असाल, तर हा भाग सावकाश वाचा. गोड बोलून खोलीवर बोलवायचं, तिथे आणखी दोघं-तिघं यायचे, व्हिडिओ काढायचा आणि ‘घरी पाठवतो’ म्हणून पैसे उकळायचे, असे प्रकार घडतात. बाहेरगावचा, एकटा, घरी न सांगता आलेला माणूस या टोळ्यांना सोपा वाटतो. म्हणून आधी व्हिडिओ कॉल करा. पहिली भेट कॅफेत किंवा स्टेशनबाहेरच्या हॉटेलात चहावर. पत्ता आणि नाव त्या विश्वासाच्या माणसाला पाठवा. चेहरा दिसेल असे नग्न फोटो पाठवू नका. मोबाइलमधल्या पेमेंट अ‍ॅपला वेगळा पिन ठेवा.

तरीही फसलात, तर त्या क्षणी जीव सांभाळा, वाद घालू नका. बाहेर पडल्यावर ११२, आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३०. धमकीला एकदा पैसे दिले की पुढची मागणी ठरलेली असते. खंडणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे. तुमचे संबंध गुन्हा नाहीत. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर हमसफरसारख्या संस्थेच्या कार्यकर्त्याला सोबत न्या.

तब्येत

कंडोम आणि पाण्यावर आधारित ल्युब गावातूनच घेऊन निघा. तेल लावलं तर कंडोम फाटतो. एचआयव्ही होऊ नये म्हणून आधी घ्यायची गोळी, प्रेप, हवी असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा, कारण एचआयव्हीची आणि मूत्रपिंडाची तपासणी करून मगच ती सुरू करतात. कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही, तर पेप हा औषधांचा कोर्स ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो, आणि जितक्या लवकर तितका उपयोग जास्त. रविवारची सुट्टी आहे म्हणून सोमवारची वाट बघू नका. जे. जे., केईएम, सायन, नायर अशा मोठ्या सरकारी-पालिका रुग्णालयांत चौकशी करा. १०९७ ही एचआयव्हीची मोफत हेल्पलाइन आहे.

परतल्यावर

शंका असेल तर सरकारी केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत होते. लगेच केलेली पुरत नाही, साधारण सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा करावी. सोबत सिफिलिसचीही करून घ्या.

गावी उतरल्यावरचे पहिले काही दिवस जड जातात. दोन दिवस मोकळा श्वास घेतला आणि पुन्हा तेच स्थळांचे फोन, तीच गप्प बसायची सवय. त्यासाठी मुंबईतच दोन-तीन जणांचे नंबर घेऊन ठेवा आणि त्याच आठवड्यात फोन करा. पुण्यात युतक, नागपुरात सारथी ट्रस्ट या आपल्या लोकांच्या संस्था आहेत. पुण्याची प्राइड पदयात्रा बहुधा जूनमध्ये असते, तेव्हा मुंबईत भेटलेल्यांना तिथे बोलवा. मन फारच खचलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आधार सेवेचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस मोफत चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.