तांब्याच्या तारेवरचे इंटरनेट मंदावते तेव्हा : दोष शोधण्याची रीत

महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत आता घरोघरी फायबर पोचले असले, तरी तालुक्याच्या गावांत आणि जुन्या वसाहतींत लँडलाइनच्या तांब्याच्या तारेवर चालणारी ब्रॉडबँड जोडणी अजूनही अनेक घरांचा आधार आहे. बीएसएनएलने ही सेवा २००५ साली सुरू केली, आणि त्या काळी फोनसाठी टाकलेल्या तारांवरूनच ती आजही धावते आहे. ती मंदावली की बहुतेक ग्राहक एक्स्चेंजमध्ये फोन करून ‘नेट स्लो आहे’ एवढेच सांगतात. या तक्रारीवरून दोष घरातला की बाहेरचा, तारेचा की मोडेमचा, यांपैकी काहीच कळत नाही, आणि लाइनमन येऊन मोडेमवरचा डीएसएलचा (तारेवरील इंटरनेट-जोडणी झाल्याचा) दिवा लागलेला पाहून परत जातो. म्हणून तक्रार करण्यापूर्वी आपण स्वतः घरापासून बाहेरच्या दिशेने क्रमाने तपासत जावे आणि जे आढळेल ते आकड्यांसह लिहून ठेवावे. याला तासाभराहून फारसा अधिक वेळ लागत नाही.

आरंभी अपेक्षित वेग किती, हे निश्चित करावे. प्लॅनमध्ये लिहिलेला वेग मेगाबिटमध्ये असतो, तर फाइल उतरवताना संगणक बहुधा मेगाबाइट दाखवतो. ८ मेगाबिट म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट. शिवाय एडीएसएलवर, म्हणजे फोनच्या तारेवर ब्रॉडबँड देणाऱ्या या तंत्रात, माहिती ५३ बाइटच्या लहान तुकड्यांत पाठवली जाते आणि त्यातील ५ बाइट पत्त्यासारख्या व्यवस्थेत खर्च होतात. हा आणि इतर वेष्टनांचा खर्च वजा जाता, मोडेमने एक्स्चेंजशी ८ मेगाबिटला जोडणी केली असेल (हा आकडा कुठे पाहायचा ते पुढे येते) तर वेगचाचणीत पावणेसात ते सात मेगाबिट दिसणे अगदी योग्य आहे. प्लॅनची ठरावीक डेटामर्यादा संपल्यावर वेग मुद्दाम कमी केला जातो, हेही ग्राहक-खात्यात पाहून घ्यावे. महिन्याच्या अखेरीस हटकून मंदावणाऱ्या आणि एक तारखेला पूर्ववत होणाऱ्या जोडणीचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

यानंतरची चाचणी मात्र वाय-फायवरून करू नये. एक संगणक लॅन केबलने थेट मोडेमला जोडावा, घरातील इतर सर्व फोन, टीव्ही आणि टॅबलेट यांचे वाय-फाय बंद करावे आणि मग वेग मोजावा. सकाळी लवकर, रात्री नऊच्या सुमारास आणि मध्यरात्रीनंतर अशा निदान तीन वेळांचे आकडे घ्यावेत. केबलवर वेग पूर्ण मिळत असेल आणि वाय-फायवर मिळत नसेल, तर तारेला दोष देण्याचे कारण उरत नाही. अशा वेळी मोडेम घराच्या मध्यभागी व उंचावर ठेवावा आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ व ११ यांपैकी शेजाऱ्यांकडे सर्वांत कमी वापरले जाणारे चॅनेल निवडावे. कोकणातील चिऱ्याच्या किंवा देशावरील काळ्या दगडाच्या जाड भिंती लहरींना फार अडवतात, त्यामुळे अशा घरात दुसऱ्या खोलीपर्यंत लॅन केबल नेऊन तिथे वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारे उपकरण) बसवणे हाच खात्रीचा उपाय आहे.

केबलवरही पहाटे वेग पूर्ण आणि रात्री आठ ते अकरा या वेळेत निम्मा, असे रोज दिसत असेल आणि मोडेमने केलेल्या जोडणीचा वेग मात्र दोन्ही वेळी सारखाच असेल, तर एक्स्चेंजपासून पुढच्या मार्गावर गर्दी होते आहे. त्यावर घरात करण्याजोगे काही नाही. वेळांसह आकडे देऊन तक्रार करणे एवढेच आपल्या हाती असते.

एक कारण फार वेळा नजरेतून सुटते, म्हणून ते सविस्तर सांगतो. एडीएसएलमध्ये माहिती येण्याची वाट रुंद असते आणि जाण्याची फार अरुंद; अनेक जोडण्यांत वर जाणारा वेग ५१२ किलोबिट ते सुमारे १ मेगाबिट एवढाच असतो. ५१२ किलोबिटवर ४ मेगाबाइटचे एक छायाचित्र वर चढवायला मिनिटाहून अधिक काळ लागतो. लग्नाहून परतलेल्या माणसाच्या फोनमध्ये अशी तीनशे छायाचित्रे असतील आणि घरात शिरताच फोनने वाय-फाय धरून ती क्लाउडवर पाठवायला सुरुवात केली, तर ती अरुंद वाट कित्येक तास भरून राहते. आता, आपण एखादे पान उघडतो तेव्हा आलेल्या प्रत्येक तुकड्याची पोच उलट पाठवावी लागते, आणि ती पोच याच गर्दीत अडकल्यामुळे खाली येणारी माहितीही थबकते. परिणामी येण्याची वाट रिकामी असूनही सगळे इंटरनेट बंद पडल्यासारखे वाटते. हे ओळखण्यासाठी पिंगची वेळ, म्हणजे पाठवलेल्या लहानशा संदेशाचे उत्तर परत यायला लागणारा वेळ, पाहावी : एरवी ३० ते ५० मिलिसेकंद असणारा आकडा हजाराच्या पुढे गेला असेल आणि फोनांचे वाय-फाय बंद करताच लगेच खाली आला, तर निदान झाले. आपोआप होणारे बॅकअप रात्री उशिरा होतील असे ठरवावे, आणि मोडेममध्ये किंवा राउटरमध्ये वर जाणाऱ्या वेगावर मर्यादा घालण्याची सोय असल्यास ती प्रत्यक्ष वेगाच्या सुमारे ८५ टक्क्यांवर ठेवावी. मुलांचे ऑनलाइन वर्ग किंवा घरून काम चालणाऱ्या घरांत या एका बदलाने पडणारा फरक मोठा असतो.

हे सर्व निर्दोष आढळले, तर तारेकडे वळावे. पहिली तपासणी कानाने करावी. साधा तारेचा टेलिफोन जोडावा, रिसीव्हर उचलून कोणताही एक आकडा फिरवावा म्हणजे डायल टोन थांबतो, आणि त्यानंतरच्या शांततेत नीट ऐकावे. निरोगी लाइन जवळजवळ निःशब्द असते. खरखर, तडतड किंवा सतत घूं असा आवाज येत असेल, तर कुठेतरी जॉइंट सैल झाला आहे, गंजला आहे किंवा त्यात पाणी शिरले आहे. याहून विलक्षण प्रकार म्हणजे फोन पूर्ण मुका असतो, डायल टोन येत नाही, आणि तरीही डीएसएलचा दिवा लागलेला असतो व इंटरनेट रखडत का होईना चालते. लाइन दोन तारांच्या जोडीची असते; त्यातील एक तार कुठेतरी तुटली की फोनचा विद्युतप्रवाह बंद पडतो, पण डीएसएलच्या उच्च वारंवारितेच्या लहरी त्या तुटीपलीकडेही काही प्रमाणात पोचतात, म्हणून असे घडते. ‘नेट तर चालू आहे’ या समजुतीवर अशी लाइन महिनोन्‌महिने तशीच राहते. म्हणून इंटरनेटची तक्रार असली, तरी फोनचा आवाज तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता घरातील वायरिंग. बाहेरून येणारी तार भिंतीवरच्या ज्या पहिल्या रोझेटला (फोन जोडण्याच्या डबीला) येऊन मिळते, तिथेच मोडेम नेऊन लावावा. बाकी सर्व फोन, एक्स्टेन्शन आणि स्प्लिटर (फोनचे व इंटरनेटचे संकेत वेगळे करणारी डबी) काढून ठेवावेत. या स्थितीत वेग सुधारला, तर दोष घरातच आहे. प्रत्येक फोन स्प्लिटरच्या किंवा फिल्टरच्या पलीकडेच जोडलेला असला पाहिजे. स्प्लिटरच्या आधीच समांतर काढलेला एखादा फोन संपूर्ण लाइन बिघडवतो. जुन्या घरांत माडीवर किंवा मागच्या खोलीत कधीकाळी नेलेली आणि आता वापरात नसलेली तारेची फांदी तशीच जोडलेली राहते. तिच्या मोकळ्या टोकावरून लहरी परत फिरतात आणि मूळ लहरींत मिसळून काही वारंवारिता निकामी करतात, म्हणून अशी फांदी मुळापासूनच सोडवावी. रोझेटपासून मोडेमपर्यंतची चपटी तार जितकी आखूड, तितके बरे. मोडेम दूर हवा असेल तर ती लांबवण्याऐवजी लॅन केबल लांबवावी.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती म्हणजे मोडेमने स्वतः मोजलेले आकडे वाचणे. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी १९२.१६८.१.१ हा क्रमांक इंग्रजी आकड्यांत टाइप केला की बहुतेक मोडेमचे पान उघडते. त्यातील स्टेटस किंवा डीएसएल या विभागात जोडणीचा वेग, अटेन्युएशन, एसएनआर मार्जिन आणि चुकांची संख्या दिलेली असते. अटेन्युएशन म्हणजे एक्स्चेंजपासून येईपर्यंत संकेत किती क्षीण झाला त्याचे डेसिबलमधील माप. ते जितके कमी, तितके उत्तम. ढोबळ हिशेबाने प्रत्येक किलोमीटरमागे १३–१४ डेसिबल धरावेत, आणि तार बारीक असेल तर याहून अधिक. मार्जिन म्हणजे सध्याच्या वेगाला लागणाऱ्या किमान गुणवत्तेपेक्षा संकेत गोंगाटाच्या किती वर आहे ते. हे माप मोठे असावे लागते. १० डेसिबलच्या वर जोडणी निश्चिंत असते, ६ च्या खाली ती वारंवार तुटू लागते.

या दोन आकड्यांचा एकत्र विचार केला की दोषाची जात कळते. अटेन्युएशन पूर्वीइतकेच आहे पण मार्जिन घसरले आहे, तर तार शाबूत आहे आणि बाहेरून गोंगाट शिरतो आहे. अटेन्युएशनच वाढले, समजा ३२ वरून ४५ वर गेले, तर एखादा जॉइंट खराब झाला आहे किंवा दुरुस्तीत दुसरी, अधिक लांबची जोडी (पेअर) मिळाली आहे. मोडेमच्या पानावर तारेचा कमाल शक्य वेग १४ मेगाबिट दिसतो आणि जोडणी मात्र ४ मेगाबिटलाच झाली आहे, तर तारेत दोष नसून एक्स्चेंजमध्ये आपल्या पोर्टवर (आपली लाइन जिथे जोडलेली असते तिथे) कमी वेगाचे प्रोफाइल, म्हणजे वेगमर्यादा, लावलेले आहे. ते तिथूनच बदलून मिळते. चुकांच्या रकान्यातील सीआरसी (बिघडून आलेल्या माहितीची मोजणी) हा आकडा तासाभराच्या अंतराने दोनदा पाहावा. तो झपाट्याने वाढत असेल तर बिघडलेली माहिती पुन्हा पुन्हा मागवावी लागते आणि वेग कागदावर चांगला असूनही पाने अडखळत उघडतात.

मार्जिन ठरावीक वेळीच घसरत असेल, तर त्या वेळी काय सुरू होते याचा शोध घ्यावा. हलक्या प्रतीचे एलईडी दिवे, चार्जर, पंख्याचे रेग्युलेटर आणि इन्व्हर्टर हे नेहमीचे संशयित असून, एकेक बंद करत मोडेमचे पान पुन्हा पाहिल्यास दोषी उपकरण सापडते. सूर्यास्तानंतरच्या घसरणीला आणखी एक कारण असू शकते. एडीएसएल-२ प्लस या एडीएसएलच्या सुधारित प्रकारात येणारी माहिती १३८ किलोहर्ट्झपासून सुमारे २.२ मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात असते, आणि मध्यम लहरींवरील आकाशवाणीची केंद्रे नेमकी याच पट्ट्यात येतात. पुणे केंद्राची वारंवारिता ७९२ किलोहर्ट्झ आहे. रात्री या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन फार दूर जातात. पीळ नीट असलेल्या जोडीत त्या फारशा शिरत नाहीत, पण खांबांवरून लोंबणाऱ्या, पीळ नसलेल्या लांब ड्रॉप वायरमध्ये (घरापर्यंत येणाऱ्या शेवटच्या तारेत) त्यांना वाट मिळते.

पावसाळ्याचा विचार वेगळा करायला हवा, कारण आपल्याकडे तांब्याच्या लाइनचे बहुतेक आजार जून ते सप्टेंबरमध्येच उद्भवतात. घरांना जोड्या वाटून देणाऱ्या डीपी बॉक्सचे झाकण निघालेले असते, रस्त्याकडेच्या तारांच्या कपाटात, म्हणजे पिलरमध्ये, ओल धरते, नुसते पिळून चिकटपट्टी लावलेले जॉइंट हिरवे पडतात. पाऊस पडला की वेग उतरतो आणि दोन दिवस ऊन पडले की सुधारतो, ही जॉइंटमधील पाण्याची निश्चित खूण आहे. पावसाच्या तारखा आणि त्या दिवशीचे मार्जिन लिहून ठेवले, तर कोरड्या दिवशी आलेल्या लाइनमनलाही दोष पटवून देता येतो. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की मात्र फोनची तार आणि वीज दोन्ही मोडेमपासून काढून ठेवावीत. विजेच्या धक्क्याने मोडेम पूर्ण जळला तर ते लगेच कळते तरी. पण पुष्कळदा तो अर्धवट दुखावतो आणि दिवे लागूनही पूर्वीचा वेग देत नाही. याची शंका आल्यास शेजाऱ्याचा तशाच प्रकारचा मोडेम आपल्या लाइनवर, आपले लॉगिन घालून, अर्धा तास लावून आकडे ताडून पाहावेत.

मोडेमच्या पानावर आलोच आहोत, तर त्याचा मूळचा पासवर्ड त्याच वेळी बदलावा. २०१७ च्या जुलैमध्ये बीएसएनएलच्या अनेक ग्राहकांचे मोडेम न बदललेल्या मूळ पासवर्डमुळेच दुष्ट सॉफ्टवेअरला बळी पडले होते.

तक्रार नोंदवताना सांगण्याची भाषा आता निराळी असेल : ‘लँडलाइनवर खरखर आहे, पहिल्या रोझेटवर मोडेम लावूनही अटेन्युएशन ४५ आणि मार्जिन ४ आहे, कृपया जॉइंट तपासून गरज पडल्यास पेअर बदलून द्यावी.’ तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. दाद मिळाली नाही, तर ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या नियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते, आणि तिथे हा क्रमांक व आपल्या नोंदी दोन्ही लागतात. लाइनमन घरी आला की त्याच्यासमोर मोडेमचे पान उघडून ठेवावे, डीपी बॉक्सपासून घरापर्यंतची ड्रॉप वायर सलग आहे का ते त्याच्याबरोबर पाहावे, आणि जॉइंट असेल तर सलग नवी वायर टाकून मागावी. खांबावर चढून उन्हापावसात काम करणाऱ्या या माणसाला दोष कुठे शोधायचा हे नेमके कळले, तर त्याचाही अर्धा दिवस वाचतो.

एवढे करूनही अटेन्युएशन ६० च्या आसपास राहत असेल, तर घर एक्स्चेंजपासून फार दूर आहे. पाच किलोमीटरवर दोन-तीन मेगाबिटच्या पलीकडे जाणे एडीएसएलला जमत नाही. अशा लाइनवर थोडे कमी वेगाचे प्रोफाइल मागून घ्यावे; वेगाचा आकडा उतरतो, पण मार्जिन वाढल्याने जोडणी तुटत नाही आणि प्रत्यक्ष काम अधिक सुरळीत होते. गावात फायबर आले असल्यास तिकडे वळावे, आणि अर्ज करतानाच जुना लँडलाइन क्रमांक त्यावर कायम ठेवता येईल का, हे विचारून घ्यावे.