परसातला तीन पातळ्यांचा डेक: भिजला तर भिजू दे, वाळला पाहिजे

दापोलीजवळच्या आमच्या घरामागे पहिला डेक, म्हणजे लाकडी फळ्यांचा उघडा ओटा, बांधला, तो दुसऱ्या पावसाळ्यातच डुलायला लागला. गणपतीत पाहुणे आले होते. चौघं जण चहाचे कप घेऊन एका कोपऱ्यात उभे राहिले आणि कोपरा हळूच खाली बसला. नंतर खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, तर मुठीपर्यंत आत गेला. वरून खांब ठणठणीत, सागाचा, पॉलिश केलेला. पण ठेकेदाराने तो थेट काँक्रीटमध्ये पुरला होता. पाणी खांबाच्या कडेने आत उतरलं आणि त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती.

त्याच घराच्या पुढच्या पडवीत आजोबांच्या वेळचे ऐनाचे खांब अजून उभे आहेत. ते पुरलेले नाहीत, दगडी तळखड्यावर ठेवलेले आहेत. दुसरा डेक आम्ही त्या तळखड्याकडे बघूनच बांधला. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. अशा ठिकाणी लाकूड भिजणार नाही असं काही करता येत नाही. भिजलेलं लाकूड लवकर वाळेल एवढं मात्र करता येतं. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिलं, की बुरशी बसते आणि लाकूड कुजायला लागतं.

जागा आणि उतार

आमचं परस उताराचं आहे. मागच्या दारापासून विहिरीच्या बाजूला जमीन खाली जाते. असा उतार भराव घालून सपाट करू नका. भराव पावसात बसतो, वाहून जातो आणि पाणी घराच्या जोत्याशी तुंबतं. उतार आहे तसा ठेवून डेकच पायऱ्यापायऱ्यांनी उतरवा.

डेक शक्यतो घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला असावा. पश्चिमेला दुपारचं ऊन असतं आणि पावसाचा झोडपा नैर्ऋत्येकडून येतो. नारळाखाली डेक बांधायचा मोह टाळा. सावली छान पडते, पण नारळ आणि वाळकी झावळ पडताना खाली कोण बसलंय ते बघत नाही. आंब्याचं किंवा फणसाचं झाड मध्ये घ्यायचं असेल, तर खोडाभोवती चार इंच तरी मोकळी जागा सोडा. खोड जाड होतं आणि वाऱ्यात हलतं.

बांधण्याआधी ग्रामपंचायतीत विचारून घ्या. समुद्र जवळ असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे, नियम लागू होतात.

पातळ्या ठरवणं

हे कागदावर नाही, जागेवर करायचं. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतात तशी दारापासून विहिरीपर्यंत काढा. आमच्याकडे वरच्या डेकपासून विहिरीजवळच्या जमिनीपर्यंत ५६ इंच उतार निघाला. ७ इंचांची पायरी धरली तर बरोबर आठ टप्पे. वरच्या डेकवरून मधल्यावर दोन, मधल्यावरून खालच्यावर तीन आणि तिथून जमिनीवर तीन, अशी वाटणी केली.

दोन पातळ्यांमध्ये एकच पायरी ठेवू नका. एक पायरी डोळ्याला दिसत नाही, संध्याकाळी तर नाहीच. माणूस सपाट समजून पुढे जातो. आणि सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात. अर्ध्या इंचाचा फरकही पायाला कळतो.

वरचा डेक उंबरठ्यापासून चार इंच खाली ठेवा, म्हणजे पावसाचे उडालेले थेंब घरात येणार नाहीत. छपराच्या पागोळ्या डेकवर पडत असतील तर आधी पन्हळ लावा. एकाच रेषेत चार महिने पागोळ्या पडल्या की तिथली फळी सगळ्यात आधी जाते.

लाकूड आणि वेळापत्रक

दिवाळीनंतर लाकूड घ्या, जानेवारीत पाया, मार्च-एप्रिलमध्ये सांगाडा, मेच्या मध्यापर्यंत फळ्या आणि तेल. मृगाच्या पावसाला, म्हणजे ७ जूनच्या सुमाराला, काम संपलेलं हवं.

सांगाड्याला ऐन किंवा किंजळ, फळ्यांना साग, हे आमचं गणित. सागाचं नाव ऐकून निर्धास्त होऊ नका. वाळवीला आणि बुरशीला तोंड देतो तो मधला गडद गाभा. कडेच्या पांढऱ्या भागात ती ताकद नसते आणि वखारीत दोन्ही एकाच भावाने देतात. प्रत्येक फळी उलटून बघा, पांढरी पट्टी असलेली बाजूला काढा. वखारवाला कुरकुरेल, कुरकुरू द्या. घरच्या जमिनीतलं झाड तोडणार असाल, तर वन खात्याची तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा पास आधी घ्या.

दाबाखाली औषध भरलेला पाइनही मिळतो. चांगला टिकतो, पण त्याचे तुकडे पाणी तापवायच्या बंबात किंवा चुलीत घालू नका. त्या औषधात बहुधा तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असतं. डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली फळी, सहजासहजी कुजत नाही हे खरं, पण एप्रिलच्या उन्हात गडद रंगाच्या फळीवर अनवाणी उभं राहून बघा आणि मग ठरवा. बांबूला फक्त बोरॅक्स-बोरिकचं पाणी पाजलं असेल तर तो उघड्यावर वापरू नका, पावसात ते औषध धुऊन जातं.

आणलेलं लाकूड सावलीत, जमिनीपासून वर, प्रत्येक थरात इंचभर जाडीच्या पट्ट्या घालून रचा. निदान तीन महिने. कापलेल्या टोकांना जुना ऑइल पेंट फासा. पाणी टोकाकडून सगळ्यात झपाट्याने आत-बाहेर करतं आणि लाकूड तडकतं तेही तिथूनच.

पाया

वरचा डेक १२ बाय १० फूट. दोरी लावा, फक्की (चुन्याची पूड) मारून रेषा आखा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही १५ फूट साडेसात इंचांच्या आसपास आले म्हणजे कोपरे काटकोनात आहेत. घराच्या बाल्कनीला दर चौरस मीटरला ३०० किलो भार धरायची रीत आहे. त्या हिशोबाने एवढ्या डेकवर सव्वातीन टनांच्या वर वजन येऊ शकतं. सहा खांबांसाठी २ बाय २ फुटांचे सहा खड्डे खणा. खोली मातीवर अवलंबून. कडक मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत जायचं, आमच्याकडे ते अडीच फुटांवर लागलं.

खड्ड्यातून सिमेंट काँक्रीटचा चौथरा जमिनीच्या ९ इंच वर काढा. हाच आपला तळखडा. माथा सपाट ठेवू नका, चारी बाजूंना किंचित उतार द्या. ओल्या काँक्रीटमध्येच गरम झिंकात बुडवून काढलेली लोखंडी बेस प्लेट बसवा. प्लेट अशी हवी की खांबाचं बूड काँक्रीटपासून इंचभर वर राहील. त्या फटीतून वारा जातो आणि वाळवी वर चढायला लागली तर तिची मातीची नळी डोळ्यांना दिसते. वाळवी मुळात उघड्यावर येत नाही. तिला लपायला जागा दिली नाही की अर्धं काम झालं. वाळवीचं औषध जमिनीत ओतायचं असेल तर विहिरीपासून लांबच ठेवा. आम्ही ओतलंच नाही.

डेकखालची वरची काळी माती काढून टाका, घरापासून लांब उतार द्या, वर चार इंच खडी पसरा. प्लास्टिक घालू नका, त्यावर पाणी साचून डास होतात. खालची जागा एवढी मोकळी हवी की खराटा आत जाईल. पाचोळा साठला की उंदीर येतात आणि उंदरामागे साप. आमच्या भागात फुरसं असतं, त्यामुळे कडेच्या फळ्यांमागे बारीक जाळी लावली आहे आणि एका कोपऱ्यात उघडता येईल असं झाकण.

सांगाडा

डेक घराच्या भिंतीला बोल्ट मारून टांगू नका. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. त्यात बोल्ट धड पकडत नाही आणि भोकातून ओल आत जाते. डेक स्वतःच्या पायावर उभा करा, भिंतीपासून दीड इंच सुटा.

आमच्या वरच्या डेकला तीन-तीन खांबांच्या दोन ओळी आहेत. प्रत्येक ओळीवर २ बाय ८ इंचांच्या दोन फळ्या जोडून केलेली तुळई. तिच्यावर २ बाय ६ इंचांचे आडवे वासे, १६ इंचांवर एक असे दहा. तुळयांमधलं अंतर ८ फूट आणि दोन्ही टोकांना वासे फूटभर बाहेर. घराकडून बाहेर १० फुटांत सव्वा इंच उतार. सगळ्यात खालच्या डेकला खांबच नाहीत, तुळया चौथऱ्यावर टेकतात. पण तिथेही मध्ये धातूची प्लेट हवीच.

वाशांच्या माथ्यावर बिट्युमेनची चिकटपट्टी लावा, फक्त माथ्यावर. बाजूंनी गुंडाळलीत तर लाकूड पिशवीत घातल्यासारखं होईल. खालून आणि बाजूंनी काजूच्या टरफलांचं तेल चोपडा, होड्यांना लावतात तेच. लाकूड काळं पडतं आणि वाळायला दिवस लागतात, पण सांगाडा कुठे दिसतोय? हातमोजे घाला. ते तेल कातडी भाजतं. माझ्या मनगटावर डाग आहे.

झोपाळा टांगायचा असेल तर त्याचे खांब डेकच्या सांगाड्यापासून वेगळे, जमिनीतून आणा. झोका नुसतं वजन टाकत नाही, हिसके देतो. डेक चार-पाच फुटांपेक्षा उंच होणार असेल तरीही मापं इंजिनिअरला दाखवून घ्या.

फळ्या

५ इंची फळी आणि पाव इंच फट धरली, तर १० फुटांत २३ फळ्या बसतात. दहा टक्के जास्त आणा.

आता या फटीबद्दल. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. मेमध्ये कोरड्या असलेल्या ५ इंची सागाच्या फळीची रुंदी ऑगस्टपर्यंत दीड-दोन मिलिमीटर वाढू शकते. ऐन तर याहून हलतो. मेमध्ये ६ मिलिमीटर फट सोडली तर पावसाळ्यात चार उरते, तेवढी पुरते. आमच्या पहिल्या डेकला सुताराने फळीला फळी भिडवली होती, ‘घट्ट काम’ म्हणून. जुलैत फळ्या एकमेकींना ढकलून मधोमध उचलल्या गेल्या आणि स्क्रूची डोकी तुटली. उलट, लाकूड ओलं असताना बसवायची वेळ आली तर फट ३ मिलिमीटरच ठेवा, उन्हाळ्यात आपोआप वाढेल. फट सारखी यावी म्हणून सहा मिलिमीटर प्लायचे तुकडे मध्ये घालून बसवत चला.

प्रत्येक वाशावर दोन स्क्रू, म्हणजे २३ फळ्यांना ४६०. अडीच इंची, ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. समुद्राच्या खाऱ्या हवेत ३०४ प्रतीवर गंजाचे डाग येतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते तग धरतं. लोहचुंबक लावून मुलामा दिलेलं साधं लोखंड ओळखता येतं, पण ३०४ की ३१६ ते चुंबक सांगत नाही. त्यासाठी डब्यावरचा छाप आणि पक्कं बिल बघा. साधं लोखंड वापरलंत तर लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे प्रत्येक स्क्रूभोवती काळा डाग पडेल. आधी ड्रिलने भोक पाडा, नाहीतर टोकाशी फळी फाटते. स्क्रूचं डोकं फळीच्या सपाटीत येईल एवढंच कसा. खोल गेलं की तिथे पाण्याची वाटी होते.

पायरीवर पाऊल ठेवायची जागा ११ इंच ठेवा. कठडा सव्वातीन फूट उंच आणि गजांमधली फट चार इंचांच्या आत, लहान मुलाचं डोकं अडकणार नाही अशी.

तेल आणि निगा

व्हार्निश नको. त्याचा पापुद्रा उन्हात तडकतो, खाली पाणी शिरतं आणि बाहेर येत नाही. बाहेरच्या लाकडासाठी मिळणारं, बुरशीनाशक घातलेलं तेल लावा. नुसतं जवसाचं तेल लावलंत तर दमट हवेत त्यावरच काळी बुरशी वाढते. तेल दोन हात, पातळ, अर्ध्या तासाने फडक्याने पुसून. ती फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. बाहेर दोरीवर पसरून वाळवा.

श्रावणात शेवाळ येतंच. नारळाच्या हिरांचा खराटा आणि साबणाचं पाणी, फळीच्या रेषेत घासा. प्रेशर वॉशरने लाकडाचे तंतू उभे राहतात आणि पुढच्या वर्षी शेवाळ दुप्पट धरतं. कुंड्या थेट फळीवर ठेवू नका, खाली विटेचे तुकडे द्या. दिवाळीत आणि मेमध्ये एकदा खाली वाकून बॅटरीने प्रत्येक खांबाचं बूड बघा, टोकदार काहीतरी टोचून.

पहिला मोठा पाऊस लागला की छत्री घेऊन डेकवर जा. कुठे पाणी थांबतंय, कुठून घराकडे येतंय ते बघा आणि तिथे खिळ्याने बारीकशी खूण करा, खडू धुऊन जाईल. आमच्या मधल्या डेकवर तशा तीन खुणा झाल्या होत्या. त्यातल्या दोन, फळ्या सैल करून खाली पातळ पट्ट्या घातल्यावर गेल्या. तिसऱ्या ठिकाणी अजून पाणी साचतं, कुत्रा तिथलंच पितो.