बोटाच्या ठशाचं कुलूप बसवताय? या चुका टाळा

गणपतीला आठ दिवस उरले की माझा फोन सुरू होतो. चाकरमानी रात्रभर गाडी हाणून दारात उभा, आणि कुलूप ढिम्म. मी एकच विचारतो, "चावी कुठाय?" उत्तर ठरलेलं: "आत, कपाटात." कुलपासोबत चावी फुकट शोभेला देतात असं वाटतं लोकांना. एक चावी शेजाऱ्याकडे ठेवा.

मालवणजवळचं एक घर शिमग्याला बंद केलेलं, ते थेट चतुर्थीच्या आदल्या रात्री उघडायला आले. मूर्ती शेजाऱ्याच्या पडवीत. कुलपातले स्वस्तातले सेल पाझरून गेलेले. बहुतेक कुलपांना बाहेरून खाली धातूच्या दोन टिकल्या असतात, तिथे ९ व्होल्टची बॅटरी टेकवली की वीज मिळते. टेकवली. दिवा लागला, ठसा ओळखला, मोटर घरघरली, पण बोल्ट जागचा हलेना. फणसाचं दार पावसाने फुगून चौकटीत आवळलेलं! दोघांनी खांदा लावून दार दाबलं, मग बोल्ट सरकला. सुक्या दिवसांत मापात तंतोतंत भोक पाडलं की असंच होणार. मी चौकटीतलं भोक दोन मिलिमीटर जास्तच घासतो. "लवकर आटपा" म्हणणाऱ्याचं काम मी घेतच नाही.

घर महिनोन् महिने बंद ठेवणार असाल तर सेल काढा आणि दार चावीने लावा. ठसे मेमरीत राहतात, पुसले जात नाहीत. रिचार्जेबल सेल नकोत, ते बहुतेक १.२ व्होल्टचे, साध्या सेलपेक्षा कमी, कुलूप उगाच 'सेल संपले' म्हणून ओरडतं.

दुसरी खोड, एकच बोट एकदाच नोंदवणं. काजू फोडणाऱ्या एका काकींचा ठसा काही केल्या लागेना. टरफलातलं तेल कातडी जाळतं, रेषा उरतात कुठे? त्या हसून म्हणाल्या, "माजी बोटां काजीन खाल्ली रे, तुजा कुलूप माका काय वळाखतला!" करंगळीवर जमलं. घरातल्या प्रत्येकाची दोन्ही हातांची बोटं घ्या. मी तेच बोट दोनदा नोंदवतो, एकदा कोरडं, एकदा हात धुवून पुसल्यावर. म्हाताऱ्यांना आकड्यांचा कोडही द्या.

कुलपाची सेटिंग बदलायचा, कंपनीकडून आलेला मास्टर कोड १२३४५६ तसाच ठेवणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही.

कुलूप पावसाच्या झडीत नको, वर पत्र्याची झापड हवीच. समुद्रावरच्या घरात खारा वारा ठसा वाचणाऱ्या सेन्सरवर थर धरतो. मऊ कापडाने पुसा, थिनरने नव्हे. आणि मासळी साफ करून आलात तर आधी हात धुवा.