फाइल सर्व्हर भरलाय? डिस्क मागवायच्या आधी रिपोर्ट काढा

ऑक्टोबरात सीझन लागला की गोव्यात कळंगुट-कांदोळीकडच्या हॉटेलांतल्या आयटीवाल्यांना ठरलेला फोन येतो, शेअर्ड ड्राइव्ह फुल्ल झालाय, फाइल सेव्ह होत नाही. वेर्ण्याच्या कंपन्यांत हाच फोन ऑडिट तोंडावर आलं की येतो. आणि बहुतेक ठिकाणी उपायही ठरलेला, नवीन डिस्क घ्या. माझं म्हणणं एवढंच आहे की कोटेशन मागवायच्या आधी ड्राइव्हवर नक्की काय पडलंय आणि ते कुणाचं आहे हे समोर येऊ द्या, कारण त्यासाठी लागणारं टूल विंडोज सर्व्हरमध्येच आहे, त्याचं वेगळं लायसन्स लागत नाही.

त्याचं नाव फाइल सर्व्हर रिसोर्स मॅनेजर, सगळे एफएसआरएम म्हणतात. सर्व्हर 2003 आर2 पासून आहे, पुढच्या व्हर्जन्समध्ये त्यात भर पडत गेली, तरी कित्येक ऑफिसांत ते इन्स्टॉलसुद्धा केलेलं नसतं. सर्व्हर मॅनेजरमध्ये अ‍ॅड रोल्स अँड फीचर्स उघडा, फाइल अँड स्टोरेज सर्व्हिसेसच्या आत मिळेल, टिक करा, झालं. व्हॉल्यूम, म्हणजे ज्या ड्राइव्हवर फाइल्स आहेत तो, मात्र एनटीएफएस फॉरमॅटचा हवा, आरईएफएस या विंडोजच्या दुसऱ्या फॉरमॅटवर हे चालत नाही.

इन्स्टॉल झाल्यावर लगेच ऑप्शन्समध्ये जाऊन दोन गोष्टी बघा. एक, रिपोर्ट बाय डिफॉल्ट सी ड्राइव्हवर स्टोरेजरिपोर्ट्स नावाच्या फोल्डरात जातात, ती जागा बदलून दुसऱ्या ड्राइव्हवर न्या. दुसरं, ईमेल. तिथे फक्त एसएमटीपी म्हणजे मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचं नाव विचारतात, युजरनेम-पासवर्ड टाकायला जागाच नाही, त्यामुळे थेट बाहेरच्या मेल सर्व्हिसचं नाव टाकून मेल जातील असं धरून बसू नका, मेल पुढे पाठवणारा ऑफिसमधला रिले सर्व्हर लागतो. टेस्ट मेलचं बटण आहे ते दाबून बघा.

आता रिपोर्ट. लार्ज फाइल्स, डुप्लिकेट फाइल्स, फाइल्स बाय ओनर, फाइल्स बाय फाइल ग्रुप (फाइलच्या प्रकारानुसार) आणि लीस्ट रीसेंटली अ‍ॅक्सेस्ड, हे पाच पुरे. पाचही एकाच शेड्यूलमध्ये टाका, म्हणजे ड्राइव्ह एकदाच स्कॅन होतो, वेगवेगळे लावले तर सर्व्हर प्रत्येक वेळी परत सगळं चाळत बसतो. वेळ रविवार पहाटेची ठेवा आणि बॅकअपच्या वेळेशी टक्कर होत नाही ना बघा. फॉरमॅटमध्ये एचटीएमएलसोबत सीएसव्ही पण टिक करा, कारण खरं काम एक्सेलमध्ये साइजप्रमाणे सॉर्ट लावूनच होतं.

रिपोर्ट वाचताना घाई करू नका. लार्ज फाइल्सची डिफॉल्ट मर्यादा 5 एमबी आहे, आजच्या काळात 5 एमबी म्हणजे मोबाइलवरचा एक फोटो, ती 500 एमबी करा. वरच्या टोटल्सच्या टेबलात दोन आकडे असतात, रिपोर्टमध्ये दाखवलेल्या फाइल्स आणि अटीत बसणाऱ्या एकूण फाइल्स. यादी डिफॉल्ट 1000 फाइल्सवर थांबते, म्हणून दुसरा आकडा बघा, नाहीतर साहेबांना चुकीचा हिशोब जाईल. डुप्लिकेट रिपोर्ट फाइलच्या आतला मजकूर तपासत नाही, साइज आणि लास्ट मॉडिफाइड वेळ जुळली की डुप्लिकेट धरतो, तेव्हा ती यादी संशयितांची समजा आणि त्यावरून थेट डिलीट अजिबात करू नका.

सगळ्यात फसवा रिपोर्ट म्हणजे लीस्ट रीसेंटली अ‍ॅक्सेस्ड. 90 दिवसांत न उघडलेल्या फाइल्स दाखवतो असं म्हणतात, पण विंडोजमध्ये लास्ट अ‍ॅक्सेसची नोंद अनेकदा बंदच असते. कमांड प्रॉम्प्टवर एफएसयूटिल बिहेव्हियर क्वेरी डिसेबललास्टअ‍ॅक्सेस (fsutil behavior query disablelastaccess) चालवा, उत्तर 1 किंवा 3 आलं तर नोंद बंद आहे आणि त्या रिपोर्टमधल्या तारखांवर विश्वास ठेवायचा नाही, मॉडिफाइड तारखेवर जा. ओनर रिपोर्टचंही तसंच. जुन्या सर्व्हरवरून रोबोकॉपीने (विंडोजची कॉपी करायची कमांड) डेटा आणताना ओनरचा पर्याय दिला नसेल तर सगळीकडे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स दिसतं, मग फोल्डरनिहाय हिशोब करावा लागतो.

यातून काय निघतं? हॉटेल असेल तर मार्केटिंगच्या फोल्डरात एकाच लग्नाचं ड्रोन फुटेज, रॉ, एडिटेड, फायनल, फायनल न्यू अशा नावांनी. वास्कोकडे ड्रॉइंगवाली ऑफिसं असतील तर ऑटोकॅडच्या बॅक (.bak) फाइल्स, त्या बॅकअप फाइल्स ग्रुपमध्ये आपोआप मोजल्या जातात. ही यादी त्या-त्या खात्याच्या प्रमुखाला द्या आणि त्यांच्याकडून लेखी उत्तर घ्या. काय ठेवायचं हे आयटीने ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतर कोटा, म्हणजे फोल्डरने किती जागा वापरायची त्याची मर्यादा. आधी सॉफ्ट लावा, तो अडवत नाही, फक्त तुम्ही ठरवलेल्या टक्क्याला, समजा 85 ला, मेल पाठवतो. लोकांना सवय झाली की हार्ड करा, तो मर्यादेपुढे सेव्ह करू देत नाही. ऑटो अप्लाय कोटा लावलात तर नवीन सबफोल्डरला आपोआप लागतो, दरवेळी हाताने करायला नको. जुन्या फाइल्स बाजूला काढायला फाइल मॅनेजमेंट टास्कमधलं एक्स्पायरेशन वापरा, ते डिलीट न करता दुसऱ्या फोल्डरात हलवतं आणि आधी नोटीसही पाठवता येते. फार्मा कंपनीत क्यूए (क्वालिटी) आणि बॅच रेकॉर्डच्या फोल्डरांना मात्र हे लावूच नका, तिथली कागदपत्रं किती वर्षं ठेवायची ते नियमाने ठरतं.

नव्यातलं म्हणाल तर विंडोज सर्व्हरच्या 1803 व्हर्जनपासून एफएसआरएमला प्रत्येक व्हॉल्यूमवर चेंज जर्नल (फाइल्समधल्या बदलांची नोंद) बनवण्यापासून थांबवता येतं, थोडी जागा वाचते पण रिअल टाइम क्लासिफिकेशन, म्हणजे फाइल्सचं लगेच आपोआप वर्गीकरण, जातं. जास्त फायद्याचं डीडुप्लिकेशन (डीडुप), सर्व्हर 2012 पासून आहे, एकसारखे तुकडे एकदाच साठवतं, त्यामुळे तेच ड्रोन फुटेज जसंच्या तसं तीन फोल्डरांत असलं तरी जागा जवळपास एकाचीच जाते. कोटा मात्र फाइलची मूळ साइजच मोजतो, म्हणून डीडुप लावलं तरी फोल्डरचा वापरलेला कोटा कमी दिसणार नाही, हे युजरना आधीच सांगून ठेवा. सर्व्हर 2025 मध्ये आरईएफएसवर स्वतःचं डीडुप आणि कॉम्प्रेशन आलंय, पण तिथे एफएसआरएमचे कोटा-रिपोर्ट मिळणार नाहीत, तेव्हा नवीन व्हॉल्यूम बनवतानाच काय हवं ते ठरवा, एनटीएफएसचं आरईएफएस नंतर करायचं झालं तर सगळा डेटा हलवून फॉरमॅट मारावा लागतो.